मांडवाची पहिली गाठ

पालिकेचा माणूस दारावर नोटीस डकवून गेला तेव्हा मी मागच्या परड्यात जास्वंदीची फुलं काढत होते. पुढे आले तर आमच्याकडे उतरलेली नाशिकची मंडळी दारापाशी गोळा होऊन ती वाचत होती. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "आजी, काही काळजीचं आहे का?" मी म्हटलं, पाणीपट्टीचं असेल. माझा चष्मा घरात होता, पण 'विनापरवाना बांधकाम' ही अक्षरं एवढी ठसठशीत होती की मलाही दिसत होती. त्यांना तर दिसलीच असणार. चहा पिऊन सगळे समुद्रावर निघून गेले.

या आळीत लग्न होऊन आल्याला मला पन्नासावर वर्षं झाली. त्या दारावर मी आंब्याचे टाळे पाहिले, हळदीचे हात पाहिले, जनगणनेवाल्यांचे खडूचे आकडे पाहिले. नोटीस कधी पाहिली नव्हती. कागद ओला होता, खळ अजून वाळली नव्हती. नखाने काढला असता तर निघाला असता. पण समोरच्या दुकानातून रघू बघत होता, म्हणून तशीच आत गेले.

बांधकाम म्हणजे काय, तर देवदत्तने, माझ्या मुलाने, पुढच्या अंगणावर घातलेलं छप्पर. लोखंडी खांब, त्यावर लोखंडी कैच्या आणि वर विटकरी रंगाचे पत्रे. पुण्यातली नोकरी गेली तेव्हा तो बायकोला, अवनीला, घेऊन घरी परतला आणि घरातल्या तीन खोल्या त्याने पर्यटकांसाठी नीट करून घेतल्या. लोक येऊ लागले. अवनीच्या हातचे मोदक आणि फणसाची भाजी खाऊन आणखी लोकांना पाठवू लागले. जेवायला बसायला जागा हवी म्हणून हे छप्पर. मला त्यात वावगं दिसलं नाही. खरं सांगायचं तर मुलगा परत घरी जेवतोय, यापुढे मला काहीच वावगं दिसत नव्हतं.

आमची आळी उतारावर आहे. आमच्या खाली, दोन पायऱ्या उतरून, उल्काचं घर. मध्ये चिऱ्यांचा गडगा आणि गडग्याला लागूनच तिच्या स्वयंपाकघराची भिंत. ती भिंत जुनी, मातीत बांधलेली. देवदत्तचे पत्रे गडग्याच्या बाहेर हातभर गेले होते. गेल्या पावसाळ्यात आमच्या सगळ्या अंगणाचं पाणी त्या भिंतीवर पडलं.

उल्का माझ्यामागून दोन वर्षांनी या आळीत आली. मी तिला 'उल्के' म्हणते, ती मला 'मनूवहिनी' म्हणते, पण अगं-तुगं करते. आषाढात ती आली आणि म्हणाली, "वहिनी, तुझ्या लेकाच्या छपराचं पाणी माझ्या चुलीत येतंय गो." हसत म्हणाली. मी देवदत्तला सांगितलं. त्याने कडेला पन्हळ लावली. मोठ्या सरीला ती भरून वाहायची. श्रावणात ती परत आली, तेव्हा हसली नाही. गौरी जेवायच्या दिवशी तिच्या भिंतीचा पोपडा सुटला आणि चिखल ओट्यावर, नैवेद्याच्या ताटाशेजारी पडला. तिने मला बोलावून दाखवलं. मी पदर खोचून चिखल काढू लागले आणि म्हणाले, आज बोलते त्याच्याशी. बोलले. तो म्हणाला दिवाळीनंतर पत्रे कापून मागे घेऊ. दिवाळीनंतर पाहुण्यांचा हंगाम सुरू झाला आणि घरभर पाहुणे असताना अंगणात पत्रे कोण कापणार.

म्हणून नोटीस आली तेव्हा ती कुणामुळे आली हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी रघूने सांगितलंच. साखर बांधता बांधता म्हणाला की उल्काकाकू हरिहरला घेऊन पालिकेत गेल्या होत्या. हरिहर तिचा पुतण्या, शाळेत गणित शिकवतो, तिच्याकडेच राहतो. मला राग आला. पालिकेत जायच्या आधी मला सांगायचं होतं, असं मी रघूला म्हणाले. आणि म्हणता म्हणताच आठवलं की तिने मला तीनदा सांगितलं होतं.

त्यानंतर एकदा ती देवळाच्या वाटेवर भेटली. मी बाजूला होऊन वाट दिली. ती म्हणाली, "या वहिनी, तुम्ही पुढे व्हा." तुम्ही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

*

मांडव हा शब्द आमच्या वकिलांना माझ्यामुळे मिळाला.

संध्याकाळी पाहुणे जेवायला बसले की अवनी मला खुर्ची आणून द्यायची आणि म्हणायची, आई, मांडवाची गोष्ट सांगा. शहरातल्या माणसांना ती आवडायची. तुळशीचं लग्न झालं की आमचं अंगण चोपून, शेणाने सारवून गुळगुळीत व्हायचं. पोफळीच्या मेढी पुरायच्या, त्यावर चिव्याच्या काठ्यांची चौकट आणि वर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. सगळं सुंभाने बांधलेलं. एकही खिळा नाही. त्या मांडवाखाली आमचे उन्हाळे गेले. आमसुलं वाळली, आंब्याची साठं वाळली, पेट्या भरल्या, देवदत्तची मुंज झाली. झापांतून ऊन खाली यायचं ते नाण्यांसारखं गोल गोल होऊन यायचं आणि लहानपणी देवदत्त ती नाणी गोळा करायला बघायचा.

मृग लागायच्या आधी मांडव उतरवायचा. भिजले तर झाप कुजतात. उतरवायला घरची माणसं पुरायची नाहीत, सगळी आळी यायची, आज यांचा, उद्या त्यांचा. उल्काचे यजमान वर चढण्यात पटाईत. पण पहिली गाठ घरच्या माणसाने सोडायची, ही रीत. घरचा हात लागल्याशिवाय बाहेरच्याने सुंभाला हात लावायचा नाही. माझ्या सासूबाई म्हणायच्या, कुणाची सावली परक्याने काढू नये. आणि मांडव उतरला की सगळ्यांनी उघड्या अंगणात बसून फणसाची सांदणं खायची, नारळाच्या दुधाबरोबर. मांडव उतरवून कुणी तसंच गेलं असं व्हायचं नाही.

हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की फाटकावरच्या पाटीवर अवनीने 'कोकणी मांडवाखाली जेवण' असं लिहून घेतलं होतं. वकील नोटिशीचं उत्तर लिहायला घरी आले तेव्हा त्यांनी ती पाटी पाहिली आणि पाटीपाशीच थांबले. म्हणाले, झालं, आपलं उत्तर इथेच लिहिलेलं आहे. हे बांधकाम नाही. हा मांडव. तात्पुरता. पूर्वापार चालत आलेला. माणूस हुशार होता. देवदत्त हसला. म्हणाला, लोखंडाचा मांडव कोण मानेल? वकील माझ्याकडे बघून म्हणाले, "आजी सांगतील. आळीत त्यांच्या आठवणीला नाही म्हणणारा कोण आहे?"

ते खरं होतं. कुणाच्या घरचं कुळाचाराचं काही अडलं, कुणाची हद्द कुठल्या आंब्यापर्यंत यावरून वाद झाला, की माणसं मला विचारायला येत. मी सांगितलं की विषय संपे. मला त्याचा अभिमान होता.

त्या संध्याकाळी मी देवदत्तला एवढंच विचारलं की छप्पर गेलं तर काय करशील. तो फोनमध्ये बघत म्हणाला, "मग इथे राहून काय करायचं, आई? परत पुण्याला बघेन." त्याने काही धमकी दिली नव्हती. सहज म्हणाला. पण मी त्याचं अंथरूण पुन्हा गुंडाळून माळ्यावर टाकते आहे, असं मला दिसलं.

*

सुनावणी फाल्गुनात झाली. मुख्याधिकारी बाई तरुण होत्या, पण त्यांचं वागणं शांत. नगररचनेचा इंजिनिअर बाजूला बसलेला, त्याचं नाव शुभंकर, मूळचा गुहागरकडचा असं तो मागाहून बोलला. आम्ही या बाजूला, उल्का आणि हरिहर त्या बाजूला. उल्काने ठेवणीतलं इंदुरी लुगडं नेसलं होतं. आम्ही दोघी एकदा एकत्र जाऊन एकसारखी आणलेली, त्यातलं तिचं.

वकिलांनी उत्तर वाचलं. बाईंनी मला विचारलं, "आजी, हा मांडव तुम्ही दरवर्षी घालता?"

"घालतो. तुळशीचं लग्न झालं की."

"आणि काढता?"

"मृगाच्या आधी."

"गेल्या वर्षी काढलेला दिसत नाही."

वकील मध्येच म्हणाले की गेल्या वर्षी मजूर मिळाले नाहीत. हरिहर खोकला. बाईंनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला गप्प बसता आलं असतं. पण मी बोलत सुटले. मेढी, चिवे, झाप, सुंभ, उतरवायला येणारी आळी, पहिली गाठ घरच्याने सोडायची, सगळं. शब्द सगळे खरे होते. मी बोलत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तो जुना मांडव होता, आणि बाईंच्या टेबलावर लोखंडी खांबांचे फोटो होते. मी फोटोंकडे पाहिलं नाही. शुभंकर लिहायचा थांबून ऐकत होता. म्हणाला, आमच्या आजीच्या घरीही असायचा, मी त्याच्याखाली झोपलोय.

बाईंनी उल्काला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे.

मला वाटलं आता ती सांगणार. तिने नुसतं म्हणायचं होतं की यांच्या अंगणात शेवटचा झाप पडून पंधरा-वीस वर्षं झाली. तिचे यजमान गेले आणि पुढच्या वर्षी आमचे हे गेले, त्यानंतर मांडव कुणी घातला नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. उतारावर कुणाचा पाय घसरताना आपण बघतो, तसं काहीसं.

"मनोरमावहिनी म्हणतात तर मांडवच असेल," ती म्हणाली. "त्यांच्या आठवणीबाहेर आळीत कुणी जात नाही. मग मृगाला उतरेल. माझं मागणं तेवढंच आहे."

बाईंनी लगेच लिहून घ्यायला सांगितलं: सदर मांडव मृग नक्षत्रापूर्वी काढून घेण्याचे मान्य. वकील काहीतरी बोलू लागले. शुभंकर म्हणाला, "साहेब, पावसाळी शेडची परवानगी मागितली असतीत तर विचार झाला असता. पण मांडवाला पावसाळा नसतो ना."

जिन्याच्या पायऱ्या कुणीतरी नुकत्याच पुसलेल्या होत्या. उल्का हरिहरचा हात धरून पुढे उतरली आणि खालून मागे वळून म्हणाली, "जपून उतरा वहिनी, ओलं आहे." मला तिथेच बसावंसं वाटलं.

*

मग आंब्याचा हंगाम आला आणि सगळे कामात बुडाले. देवदत्त म्हणायचा की पालिकेकडे माणसं कुठली, मृग लागेल, पाऊस सुरू होईल, मग चार महिने कुणी फिरकणार नाही. पुढचं पुढे. अवनीने पाहुण्यांसमोर मला मांडवाची गोष्ट सांगायला सांगणं बंद केलं. मी संध्याकाळी पुढे यायचं बंद केलं. मागच्या पडवीत बसून वाती वळायची. गडग्यापलीकडे उल्काच्या भिंतीला निळं ताडपत्रीचं कापड लावलेलं दिसायचं. वाऱ्याने ते फडफडायचं आणि मी वाती मोजल्यासारखं करायची.

पालिकेचं कोणी आलं नाही. देवदत्तचं तेवढं खरं ठरलं.

जून लागला. एका रविवारी भल्या सकाळी घरात फक्त एक जोडपं उतरलेलं होतं, तेही समुद्रावर गेलेलं. परड्यातला बरका फणस पिकून फुटायला आला होता, तो फोडून मी आणि अवनी गरे पिळायला बसलो होतो. पुढे माणसांचा आवाज आला. मला वाटलं नवीन पाहुणे. हात पुसत आले तर अंगणात आळी उभी होती. हरिहर, रघू, वरच्या घरचा म्हातारा सखाराम, आणखी तिघे-चौघे. सखारामच्या खांद्यावर शिडी. उल्का पुढे. तिच्या हातात कोयती होती आणि कमरेला पदर खोचलेला.

"मांडव उतरवायला आलो, वहिनी," ती म्हणाली. "देवदत्तला पहिली गाठ सोडायला सांगा."

त्यात टोमणा आहे का ते मी शोधत होते. सापडला नाही. ती जशी पूर्वी यायची तशीच आली होती, फक्त 'सांगा' म्हणाली.

देवदत्त बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्याने विचारलं, पालिकेने पाठवलंय का तुम्हाला.

"पालिकेचं काय रे त्यात," उल्का म्हणाली. "मांडव उतरवायला आळी येते. तुझी आई सगळ्यांसमोर बोलली तिथे."

"गेल्या वर्षी मजूर मिळाले नव्हते म्हणे," रघू म्हणाला. "या वर्षी तसं व्हायला नको."

हरिहर एका खांबाभोवती फिरून आला, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि मला म्हणाला, "काकी, गाठ कुठेशी आहे ते दाखवता का? सुंभ काही दिसत नाही मला. चष्म्याचा नंबर वाढला वाटतं." दोघे-तिघे हसले. सखाराम हसला नाही. तो शिडी टेकवून तिच्यापाशी उभा राहिला आणि घरच्या माणसाचा हात लागायची वाट बघू लागला. तो खरोखरच वाट बघत होता. रीत होती ती.

देवदत्त दारातून हलेना. अवनी माझ्यामागे येऊन उभी राहिली, तिच्या हाताला फणसाचा चीक. मी म्हटलं, "देवदत्त, ये."

तो म्हणाला, "आई, तू आत जा."

मी आत गेले. कपाटाखालच्या त्याच्या हत्यारांच्या पेटीतून पाना काढला आणि बाहेर आले. गडग्याकडच्या बाजूला छप्पर खाली उतरलेलं होतं, तिथे खांबाला पट्टी आवळलेली होती आणि तिचा बोल्ट माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर होता. मी तो पाना त्याला लावला. घरची म्हातारी म्हणजे घरचाच हात.

तो फिरला नाही. मी पाना दोन्ही हातांनी धरून ओढला. नाही. बोल्ट गंजून पट्टीशी एक झाला होता. एक पावसाळा अंगावर घेतल्याशिवाय लोखंड असं होत नाही आणि दरवर्षी जे सुटतं ते असं गंजत नाही, हे कळायला कुणाला गणित यायला नको होतं. माझ्या तळव्यांना तांबडी भुकटी लागली. मी पुन्हा ओढला. हरिहर खांबापासून दूर झाला आणि आपल्या चपलेकडे बघू लागला. रघूने रस्त्याकडे तोंड केलं. माझी लाज बघायची नाही म्हणून ती माणसं तोंड फिरवत होती, आणि मी त्यांच्यासमोर पाना ओढत होते. एकटी उल्का बघत होती.

"सोड, आई," देवदत्त माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला. "हात कापेल."

त्याने पाना माझ्या हातातून घेतला. बोल्टवर तेल सोडलं, दगडाने दोन टोले घातले आणि जोर लावला. करकर करत तो फिरला. मग सखाराम शिडी चढला.

*

मी आणि अवनी आत आलो आणि सांदणांच्या मागे लागलो. रवा भिजवायचा, गरे पिळून झालेच होते. मी नारळ फोडायला घेतले. अवनी म्हणाली, आई, तुमचे हात. मी गंज धुतला, तरी रेषांतून राहिलाच. बाहेर पत्रे एकेक करून खाली येत होते, त्यांचा आवाज घरभर घुमत होता. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा स्वयंपाकघरात पुढच्या अंगणातला उजेड आला. मला तो आवडला आणि आवडला म्हणून वाईट वाटलं.

त्यांचं काम आटपेपर्यंत सांदणं वाफवून झाली होती. मी बाहेर येऊन म्हटलं, बसा सगळे, गरम आहेत. अंगण उघडं झालं होतं. पत्र्यांची चळत एका बाजूला, खांब नुसतेच उभे. खांब सिमेंटमध्ये रोवलेले, ते काही निघणारे नव्हते.

हरिहर नळावर हात धूत होता. म्हणाला, काकी, आज राहू दे, बघू कधीतरी. रघूला दुकान उघडायचं होतं. सखारामने शिडी खांद्यावर घेतली आणि मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. एकेक करून सगळे फाटकाबाहेर गेले. घाईने नाही, कुणी रागाने नाही.

उल्का शेवटी निघाली. मी म्हटलं, "उल्के, तू तरी बस. बरक्या फणसाची आहेत. तुला आवडतात."

"घरी भात टाकून आलेय," ती म्हणाली, आणि दोन पायऱ्या उतरून गेली.

सकाळचे दहा वाजत होते. त्या वेळेला तिच्या घरी भात नसतो, हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. सांदणं आम्ही तिघांनी खाल्ली, उरलेली त्या जोडप्याला दिली. त्यांना फार आवडली. कशाला करतात ही, असं त्यांनी विचारलं. अवनी म्हणाली, असंच, फणस पिकला की.

दुपारी देवदत्त मागच्या परड्यात उभा राहून पुण्याला कुणाशी तरी बोलत होता. मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकायला गेले नाही.

*

दोन-तीन दिवसांनी शुभंकर पाहणीला आला. अंगणात उभा राहून त्याने वर बघितलं, फोटो घेतले, खांबांचेही घेतले. पंच म्हणून सही करायला गडग्यापलीकडून उल्काला हाक मारली. ती आली. त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं: मांडव काढून घेतलेला आढळला. माझ्या तोंडचा शब्द तिथे सरकारी शाईत बसला होता आणि आता तो खोटा म्हणायची सोय नव्हती. आळीने माझं बोलणं खरं करून दिलं होतं. उल्काने वाकून सही केली, अक्षर जसं शाळेत गिरवलं असेल तसं.

"आजी," शुभंकर कागद घडी करत म्हणाला, "आमच्याकडे आता कुणी मांडव घालत नाही. तुम्ही रीत राखलीत. बरं वाटलं बघून."

मी त्याला पाणी हवं का विचारलं. नको म्हणाला. खांबांचं काय ते मुख्याधिकारी बाईंना विचारून कळवतो, असं सांगून गाडीवर बसून गेला.

उल्का जायला वळली. फाटकापाशी थांबली आणि रिकाम्या खांबांकडे पाहत राहिली. तिच्या घराच्या मागे पाच माड आहेत, दरवर्षी त्यांच्या झावळ्या पडून कुजून जातात. मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल.

"दिवाळी झाली की घाला मांडव," ती म्हणाली. "झाप आमच्याकडचे न्या."

घाला, म्हणाली. घाल नाही.

मी हो म्हटलं.